वऱ्हाडचे लायसन, परदेशाचा रस्ता

ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबईच्या एका जगप्रवाशाची मोटारसायकल इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे चोरीस गेली, ती बातमी गाजली. त्यानंतरची चर्चा चोरी, पोलीस आणि स्थानिकांनी केलेली मदत यांभोवती फिरली. परंतु नॉटिंगहॅमसारख्या विद्यापीठांच्या शहरांत, तसेच म्युनिक, दुबई किंवा टोकियो येथे शिक्षणासाठी वा नोकरीसाठी राहणाऱ्या आणि सुट्टीच्या दिवशी मोटारसायकलवरून तो देश पाहू इच्छिणाऱ्या अमरावती-अकोल्याच्या तरुणांपुढील प्रश्न याहून वेगळा आहे आणि त्याविषयी मराठीत फारच थोडे लिहिले गेले आहे.

भारतातून स्वतःची गाडी घेऊन निघणारा प्रवासी कायद्याच्या दृष्टीने पाहुणा असतो. त्याची गाडी भारतीय क्रमांकाचीच राहते आणि अनेक देशांत तो ‘कार्ने’ दाखवून, म्हणजे ही गाडी येथे विकली जाणार नाही, परत नेली जाईल अशी सीमाशुल्क खात्याला हमी देणारे पुस्तक दाखवून, प्रवेश मिळवतो. जो तेथे राहतो त्याला ही वाट उपलब्ध नसते. उदाहरणार्थ, युरोपीय संघात परदेशी क्रमांकाची गाडी करमुक्त आणण्याची तात्पुरती सवलत मुख्यतः अनिवासी व्यक्तींसाठी आहे. त्यामुळे रहिवाशाने तेथेच नोंदलेली गाडी घ्यावी, तेथला विमा उतरवावा आणि, सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, त्या देशाच्या लायसनचा प्रश्न सोडवावा, हाच व्यवहार्य मार्ग उरतो.

येथे आंतरराष्ट्रीय परवान्याविषयीचा एक रूढ गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. आरटीओकडून एका वर्षासाठी मिळणारी ही पुस्तिका स्वतंत्र लायसन नसून मूळ भारतीय अनुज्ञप्तीचा अनेक भाषांतील, मान्यताप्राप्त नमुन्यातील दाखला असतो, आणि तिचा आधार असलेला १९४९ चा जिनिव्हा करार पाहुण्यांच्या वाहतुकीसाठी आहे. ज्या दिवसापासून माणूस एखाद्या देशाचा रहिवासी ठरतो, त्या दिवसापासून तेथील मुदत मोजली जाऊ लागते. ब्रिटनमध्ये भारतीय लायसनवर १२ महिने गाडी चालवता येते, जर्मनीत सहा महिने. आणि त्यानंतर दोन्ही ठिकाणी भारतीयाला लेखी व प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. संयुक्त अरब अमिरातीत तर निवासी व्हिसा मिळताच पाहुण्याची सवलत संपते आणि स्थानिक लायसन घेतल्यावाचून दुचाकी रस्त्यावर आणता येत नाही.

या सर्व नियमांत सर्वाधिक विचार करण्याजोगी बाब आहे ती ब्रिटनमधील बारा महिन्यांची. भारतात ‘गिअर असलेली मोटारसायकल’ हा एकच वर्ग आहे आणि त्याला इंजिनाच्या ताकदीची वरची मर्यादा नाही. त्यामुळे अमरावतीच्या एमएच २७ किंवा अकोल्याच्या एमएच ३० क्रमांकाच्या शंभर सीसीच्या गाडीवर आठचा आकडा काढून उत्तीर्ण झालेला अठरा वर्षांचा विद्यार्थी कागदोपत्री हजार सीसीच्या गाडीसही पात्र ठरतो, आणि ब्रिटनमधील पहिल्या वर्षात ही पात्रता, वयाची तेथील अट पूर्ण होत असल्यास, तेथेही ग्राह्य धरली जाते. त्याच वर्गात त्याच्या शेजारी बसणाऱ्या इंग्रज विद्यार्थ्याला मात्र १२५ सीसीपासून सुरुवात करावी लागते, पुढच्या टप्प्यावर ३५ किलोवॉट ताकदीपर्यंतच जाता येते आणि कोणतीही गाडी चालवण्याची थेट परीक्षा वयाच्या २४ व्या वर्षानंतरच देता येते. त्या परीक्षेचा पहिला भाग बंदिस्त मैदानावर होतो, ज्यात ताशी किमान ५० किलोमीटर वेगाने येऊन गाडी आणीबाणीत थांबवणे आणि त्याच वेगात अडथळा चुकवणे हे करून दाखवावे लागते. दुसऱ्या भागात परीक्षक मागून येत, रेडिओवरून सूचना देत, वाहत्या रस्त्यावर सुमारे ४० मिनिटे परीक्षा घेतो.

भारतातील चाचणीशी याची तुलना केली असता दोष स्पष्ट दिसतो. आठच्या आकड्यातून गाडी फिरवता येणे म्हणजे कमी वेगात तोल सांभाळता येणे. पुढचा ब्रेक किती दाबावा, ओल्या वळणावर नजर कोठे ठेवावी, मागे बसलेल्या माणसाच्या आणि सामानाच्या वजनाने थांबण्याचे अंतर किती वाढते, यांपैकी कशाचीही कसोटी त्यात लागत नाही. ब्रिटनचे पहिले वर्ष त्यामुळे सवलतीपेक्षा धोक्याचे अधिक आहे, आणि तेथे पोहोचलेल्या प्रत्येक वऱ्हाडी तरुणाने कायदा सक्ती करीत नसतानाही तेथील प्रशिक्षण पहिल्याच महिन्यात घ्यावे, असे आग्रहाने सांगावेसे वाटते. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढण्याचा सराव उपयोगी आहे हे खरे. पण इटलीतील स्टेल्व्हिओ खिंड २,७५७ मीटर उंचीवर आहे, तिच्या उत्तरेकडील चढावर ४८ तीव्र वळणे आहेत आणि वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते.

जपानची गोष्ट आणखी निराळी आहे. तो देश केवळ १९४९ च्या कराराखालील परवाना मानतो, भारत त्या करारात आहे, आणि वाहतूकही डावीकडून चालते. म्हणून भारतीयाला तो सोयीचा वाटतो. परंतु भारतीय लायसन जपानी लायसनमध्ये बदलून घ्यायचे असल्यास मूळ लायसन मिळाल्यानंतर किमान तीन महिने भारतात राहिल्याचे सिद्ध करावे लागते. व्हिसा हाती आल्यावर, विमानाच्या तारखेपूर्वी घाईने लायसन काढणाऱ्यांची अडचण येथेच होते. शिवाय ऑक्टोबर २०२५ पासून या बदलासाठीची लेखी परीक्षा दहा प्रश्नांवरून पन्नास प्रश्नांची झाली असून उत्तीर्ण होण्यासाठी ९० टक्के गुण लागतात.

आखातात जाणाऱ्या वऱ्हाडी माणसाकडे एक गोष्ट मुळातच असते, ती म्हणजे उन्हाची जाण. अकोल्याचा मे महिना अनुभवलेल्या व्यक्तीला उष्ण वाऱ्यात अंग उघडे ठेवल्याने थंडावा मिळत नाही, उलट शरीरातील पाणी वेगाने कमी होते, हे समजावून सांगावे लागत नाही. तरीही तेथील दुचाकी सहलींचा खरा हंगाम ऑक्टोबर ते मार्च एवढाच मानावा. रस्तेबांधणीच्या एका विक्रमात तर वऱ्हाडने आखाताला मागे टाकले. जून २०२२ मध्ये राष्ट्रीय महामार्ग ५३ वर, अमरावती-अकोला दरम्यान लोणी ते माना या टप्प्यात, ७५ किलोमीटर लांबीची डांबरी मार्गिका १०५ तास ३३ मिनिटांत सलग पूर्ण करण्यात आली आणि तिने दोहा येथील सुमारे २५ किलोमीटरचा गिनीज विक्रम मोडला. अशा रस्त्याच्या दोन्ही टोकांना दुचाकीचालकाची परीक्षा मात्र अजून आठच्या आकड्यावर अडकून राहावी, हे योग्य नाही. वेगातील ब्रेक आणि अडथळा चुकवणे या दोन कसोट्या चाचणीत आल्या, तर परदेशी जाणाऱ्यांइतकाच लाभ मूर्तिजापूर-बडनेरा रस्त्यावर रोज ये-जा करणाऱ्यांनाही होईल.

परदेशात असताना आंतरराष्ट्रीय परवान्याची मुदत संपल्यास भारतीय दूतावासामार्फत अर्ज करण्याची सोय जानेवारी २०२१ च्या अधिसूचनेने झाली आहे. तो अर्ज मूळ आरटीओकडे, म्हणजे अमरावती वा अकोल्यालाच येतो आणि परवाना तेथून कुरिअरने परदेशातील पत्त्यावर पाठवला जातो. हे सर्व पाहता निघण्याच्या किमान तीन महिने आधी लायसन घ्यावे, त्यावर गिअरच्या मोटारसायकलचा वर्ग नोंदला आहे याची खात्री करावी आणि परिवहन खात्याच्या नोंदीतील आपला पत्ता व मोबाइल क्रमांक अद्ययावत करून घ्यावा.