मुखी, पाटील आणि शुल्त्स

जर्मन लोकांच्या व्यवसायवाचक आडनावांपैकी एखाद्याचा वृत्तान्त लिहून द्यावा, असा संपादकांचा निरोप आला, तेव्हा मी ‘शुल्त्स’ हे नाव निवडले आणि ग्रंथालयाची पायरी चढण्याऐवजी कल्याणच्या पुढे जाणारी गाडी पकडून उल्हासनगर कॅम्प नं. ३ मध्ये जाऊन पोहोचलो. यात लहरीपणाचा अंश नव्हता असे नाही; परंतु त्या वस्तीत एक वृद्ध सिंधी कारागीर नावांच्या पाट्या कोरतो, आणि त्याच्या दाराशी टांगलेल्या नमुन्याच्या पाट्यांत ‘मुखी’ ही दोन अक्षरे मी पूर्वी एकदा पाहून ठेवली होती.

जर्मनीत आडनावे वंशपरंपरेने चालू लागली ती स्थूलमानाने बाराव्या ते पंधराव्या शतकांत. म्युलर म्हणजे धान्य दळणारा, श्मिट म्हणजे लोहार, हे अर्थ उघड आहेत. शुल्त्स हे मात्र कसबाचे नव्हे, हुद्द्याचे नाव आहे. त्याचे मूळ रूप ‘शुल्टहाइस’. त्यातील ‘शुल्ड’ म्हणजे देणे आणि ‘हाइसेन’ म्हणजे फर्मावणे. रयतेला देणे भरण्याचे फर्मावणारा, जमीनमालकाचा वसूल गोळा करणारा आणि गावच्या न्यायसभेत मध्यभागी बसणारा असा हा अंमलदार होता. एल्ब नदीच्या पूर्वेस नवी गावे वसली, तेव्हा जो मनुष्य दूरवरून कुटुंबे आणून गाव उभे करी, त्यालाच पुष्कळदा हा हुद्दा वंशपरंपरेने मिळे आणि त्याच्या दिमतीला सारामाफीची जमीनही. ज्यांच्या घरात पाटीलकीचे वतन आणि इनामाची सनद यांच्या गोष्टी अद्याप निघतात, त्या मराठी वाचकांपुढे याची अधिक फोड करण्याचे कारण नाही.

हाच शब्द वेस्टफालियात शुल्टे झाला, सायलेशियात शोल्त्स झाला. विद्वत्तेचा सोस असणाऱ्यांनी त्याला लॅटिन झूल चढवून प्रेटोरियस केले, आणि त्या नावाने संगीताच्या इतिहासात गेलेला मिखाएल प्रेटोरियस घरचा शुल्त्सेच. हुद्दा गेला तरी नाव हटले नाही. ‘पीनट्स’ ही चित्रमालिका काढणारे चार्ल्स शुल्त्स यांचे जर्मनीत जन्मलेले वडील अमेरिकेत न्हाव्याचे दुकान चालवीत. नाव गावच्या मुख्याचे आणि हातात वस्तरा! आपल्याकडेही कुळकर्णी वतने १९५० च्या कायद्याने आणि मुलकी पाटलाचा हुद्दा १९६२ च्या कायद्याने खालसा झाला. आडनावे खालसा करण्याचे मात्र कोणत्याच सरकारला सुचले नाही.

आता कॅम्पाकडे वळू. महायुद्धातील लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे उतरली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते येथे नव्या नगराची कोनशिला बसली. इतका अधिकृत इतिहास पुरे. नवख्या माणसाला येथील दुकानांच्या पाट्यांत प्रथम जाणवतो तो ‘आणी’ हा प्रत्यय. येथील चांदीबाई महाविद्यालयाच्या नावातले मनसुखाणी म्हणजे मनसुखाचे वंशज. आडवाणी आडूमलाचे, गिडवाणी गिदूमलाचे. धंद्याचा पत्ता नाही, फक्त मूळपुरुषाचा. म्हणूनच या पितृनामांच्या गर्दीत ‘मुखी’ वेगळे उठून दिसते. मुखी म्हणजे पंचायतीचा प्रमुख. तंटे तोडणे आणि पंचायतीच्या वतीने बोलणे हे त्याचे काम. ते जेथे एका घराण्यात टिकले, तेथे त्याचेच आडनाव झाले. सिंधमधील हैदराबादेत जेठानंद मुखी यांनी १९२० साली बांधलेला मुखी महाल आज संग्रहालय म्हणून उभा आहे. नाव इकडे आले आणि महाल तेथे राहिला, एवढाच त्या नावाचा प्रवास.

पाट्या कोरणाऱ्या दादांचे यंत्र म्हणजे चार दांड्यांची एक सांगाड्यासारखी रचना आहे. एका बाजूस पन्हळीत पितळी अक्षरे ओळीने बसवायची, त्यांच्या खाचांतून एक बोथट सुई फिरवायची, आणि दुसऱ्या बाजूस फिरते पाते तीच अक्षरे लहान आकारात पाटीवर कोरीत जाते. इंग्रजी अक्षरांचे त्यात काही बिघडत नाही. देवनागरीत मात्र पितळेचे दोन तुकडे जेथे भिडतात, तेथे शिरोरेषा तुटते. म्हणून दादा आधी म, उकार, ख आणि वेलांटी अशी सगळी कोरून घेतात, आणि श्वास रोखून वरची रेघ एका दमात, अगदी शेवटी ओढतात. तो क्षण पाहण्यासाठी मी त्यांना तीन पाट्या करावयास लावल्या, हे कबूल केले पाहिजे.

अडचण वेगळीच आहे. सिंधीत श्वास आत ओढून उच्चारायचे चार ध्वनी आहेत, आणि देवनागरीत ते अक्षराखाली आडवी रेघ देऊन दाखवतात. आडवाणीतला ड असाच आहे. दादांच्या पेटीत तसा ड नाही. ते साधा ड कोरून पाटी किंचित सरकवतात आणि खाली रेघ मारतात. “पण साईं, गिऱ्हाईक म्हणतं, हा ओरखडा कसला?” मागच्या महिन्यात एका तरुणाने अशी पाटी परत केली. त्याच्या आजोबांना अरबी वळणाची बावन्न अक्षरे येत होती. नातवाला ती लिपीही येत नाही आणि ही रेघही ठाऊक नाही. दादांनी नवी पाटी विनामूल्य करून दिली. जुनी नमुन्यांत टांगली आहे. आता शेजारी संगणकाला जोडलेले लेझर यंत्र आले आहे, ते पाव तासात दहा पाट्या कापते. त्यात तो ड आहे की नाही हे विचारायला अद्याप कोणी गेलेले नाही, दादाही नाहीत.

निघताना मी ‘शुल्त्स’ अशी पाटी मागितली. “कोण हे?” “जर्मनीतले मुखी.” दादा हसले, पण लगेच व्यवहारावर आले. त्यांचा दर अक्षरागणिक. तेव्हा ‘ल्त्स’ हे एक धरायचे की तीन, यावर आमची घासाघीस सुरू झाली, आणि शेवटी दोनांवर तोड निघाली.