इंदूरची माती, आपले ताट

शाकाहारी घरात जन्म घेणे आणि भाजी खाणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे इंदूरच्या मराठी माणसाला निराळे सांगायला नको. सकाळी पोह्यांवर मूठभर शेव आणि जोडीला जिलबी, दुपारी पोळी आणि बटाट्याची भाजी, रात्री सराफ्यात कचोरी, गराडू आणि वर रबडी. दिवसभरात सामिषाचा कण पोटात गेला नाही म्हणून आपण समाधानाने झोपतो. पण हिरवे पानही गेले नाही, याची नोंद कोणी ठेवीत नाही. ती नोंद पुढे डॉक्टरांच्या कागदावर उमटते.

हल्ली परदेशांत धान्य, कडधान्य, भाजी आणि फळे यांवरच जगण्याचा विचार जोर धरीत आहे. काहीजण दूधही वर्ज्य करतात. कारणे दोन : आपली प्रकृती आणि पृथ्वीची प्रकृती. माणसाच्या हातून हवा तापविणारे जे वायू सुटतात, त्यांतला सुमारे १४.५ टक्के भाग पशुपालनातून येतो, असा हिशेब संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ साली मांडला. हा विचार आपल्याला विलायती वाटतो खरा. पण त्याच्या मुळाशी असलेली एक गोष्ट आपल्याच गावात सिद्ध झाली आहे.

१९२४ साली अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शेतीशास्त्रज्ञ इंदूरच्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’चे संचालक झाले. जागा होळकर सरकारची. पत्नी गॅब्रिएल याही वनस्पतिशास्त्रज्ञ, आणि कामात बरोबरीच्या. शेतातला पालापाचोळा, धसकटे, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचायचे, पाणी शिंपडायचे आणि ठराविक दिवसांनी ढीग वरखाली करायचा. तीन महिन्यांत काळेभोर खत तयार. जगभर ही रीत ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. १९३१ साली तिच्यावर जे पुस्तक निघाले, त्यावर हॉवर्ड यांच्या नावाशेजारी यशवंत वाड यांचे नाव आहे. १९३५ साली हिंदी साहित्य संमेलनासाठी महात्माजी इंदुरास आले, तेव्हा तेही या संस्थेत जाऊन हे काम पाहून आले. आज त्याच जागी कृषी महाविद्यालय उभे आहे.

हॉवर्ड यांचे म्हणणे थोडक्यात असे, की माती, पीक, जनावर आणि माणूस यांचे आरोग्य एकच आहे. एक कडी तुटली की पुढच्या ढिल्या होतात. आपल्या आज्या हे पुस्तकात न वाचता पाळीत होत्या. दोडक्याच्या शिरांची चटणी होई, मुळ्याच्या पाल्याची भाजी होई, आणि उरलेले साल-देठ परसातल्या अळूच्या बुंध्याशी जाई. भाजणीत ज्वारी, बाजरी, हरभऱ्याची डाळ, उडीद, धणे सारे एकत्र येत. धान्यात जे कमी ते डाळीत भरपूर, म्हणून भाकरी आणि वरण ही जोडी अंगी लागते; आणि डाळीचे पीक मुळांवरच्या गाठींतून हवेतला नत्र जमिनीत आणते, म्हणून तीच जोडी रानालाही मानवते.

ती जोडी आता मोडली आहे. १९७० नंतर माळव्याच्या काळ्या रानात सोयाबीन पसरले आणि ज्वारी मागे हटली. सोयाबीन हेही प्रथिनांनी भरलेले. पण त्यातले बहुतेक घाण्यात जाते, आणि उरलेली पेंड जनावरांच्या व कोंबड्यांच्या खाद्यात. आपल्या उंबऱ्याबाहेर पिकणारे धान्य आपल्याच स्वयंपाकघराला परके राहिले.

मग करावे काय? वरणावरची तुपाची धार कोणी मोडू म्हणत नाही. ज्यांना दूधही सोडायचे आहे त्यांनी डॉक्टरांना विचारून सोडावे, कारण ब-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही. ज्यांच्या घरी सामिष चालते, त्यांनी ते सणावारापुरते ठेवले तरी पुष्कळ. बाकीच्यांनी आठवड्यातून तीन दिवस ज्वारीची भाकरी, रोज एक उसळ आणि एक पालेभाजी इतके केले, तर पोळी आणि शेव आपोआप आपल्या जागी जातील. सोयाबीन भाजून भाजणीत मूठभर घालून पाहावे. थालीपीठ बिघडत नाही.

एक धडा मात्र इंदूरने नव्याने गिरविला आहे. घरोघरी ओला कचरा वेगळा निघतो, आणि २०२२ पासून देवगुराडियाच्या कारखान्यात त्याचा गॅस आणि खत होते. गाडीची वेळ आपण चुकवीत नाही. आता त्या ओल्या बादलीत एकदा डोकावून पाहावे. तिच्यात मेथीचे देठ आणि दुधीच्या साली किती आणि शिळ्या कचोऱ्या किती, यावरून घरच्या ताटाची परीक्षा होईल. तिला डॉक्टरांची फी पडत नाही.