शुभलक्षणांचा बाजारभाव

तापीच्या काठी, शहादे तालुक्यातील सारंगखेडा येथे दत्तजयंतीच्या सुमारास भरणारा घोडेबाजार महाराष्ट्राला नवा नाही. काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखक केवळ कुतूहलापोटी तेथे गेला होता. घोडा घेणारा मनुष्य प्रथम त्याचे दात पाहून वय ताडेल, मग त्याला चालवून पाहील आणि नंतर किमतीची गोष्ट काढील, अशी आमची पुस्तकी समजूत होती. प्रत्यक्षात समोरच्या गिऱ्हाइकाने पहिला हात घातला तो एका तांबूस घोडीच्या मानेखाली. छातीवरचे केस उलटसुलट चाचपून त्याने तेथील भोवरा शोधला, मग कपाळावरचा चांद पाहिला, चारही पाय खुरांपासून वरपर्यंत किती पांढरे आहेत ते वाकून पाहिले आणि शेवटी डोळ्याखाली बोट फिरविले. तेथे केसांचा एक लहानसा भोवरा निघाला. ‘आसूढाळ आहे,’ एवढेच तो म्हणाला. घोडीच्या मालकाचा चेहरा उतरला.

ज्यांचा घोड्यांशी संबंध फक्त लग्नाच्या वरातीपुरता येतो त्यांच्यासाठी थोडे सांगावयास हवे. चारही पाय पांढरे आणि तोंडावर पांढरा पट्टा असलेला घोडा तो पंचकल्याणी, आणि तो शुभ. छातीवरचा विशिष्ट भोवरा म्हणजे देवमण. तो असेल तर इतर पुष्कळ खोडी माफ होतात. डोळ्याखालचा भोवरा म्हणजे आसूढाळ; असा घोडा धन्याला रडावयास लावतो म्हणतात. दोन रंगांच्या मोठ्या पट्ट्यांचा तो अबलख. त्याच्याविषयी मात्र जितकी तोंडे तितकी मते.

आम्ही त्या गिऱ्हाइकाला विचारले, ‘तुमचा यावर विश्वास आहे?’ तो हसला. म्हणाला, ‘आम्ही नाही हो मानत असलं काही. पण उद्या विकायला काढली तर पुढचं गिऱ्हाईक आधी हेच बघणार ना!’

अर्थशास्त्राच्या अध्यापकाला हे वाक्य ऐकून केन्सची आठवण न होती तरच नवल. १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात केन्सने शेअरबाजाराची तुलना वृत्तपत्रातील एका स्पर्धेशी केली आहे. शंभर छायाचित्रांतून सहा सुंदर चेहरे निवडावयाचे आणि बहुसंख्यांच्या निवडीशी ज्याची निवड जुळेल त्याला बक्षीस. अशा स्पर्धेत शहाणा मनुष्य स्वतःला आवडलेला चेहरा निवडीत नाही. इतरांना कोणता आवडेल याचा अंदाज करतो, आणि इतरही तेच करीत असतात. घोड्याच्या भोवऱ्याचे नेमके असेच आहे. बाजारातील एकाही माणसाचा आसूढाळीवर विश्वास नसला तरी आसूढाळ असलेल्या घोडीची किंमत कमीच राहील. कारण प्रत्येक जण दुसऱ्याच्या श्रद्धेची किंमत मोजीत असतो. अंधश्रद्धेविरुद्ध व्याख्याने देऊन ती किंमत बदलावयाची नाही, याचे कारण हेच.

अर्थात, हा सगळा व्यवहार मूर्खपणाचा आहे असे म्हणून मोकळे होणे सोपे असले तरी बरोबर नाही. घोड्याचा मालक त्याचे सगळे दोष जाणतो. घेणाऱ्याला अर्ध्या तासात त्यांतले काहीच कळत नाही. घोडा रात्री बुजतो का, चढावर दम खातो का, लाथा झाडतो का, हे घरी नेल्यावर कळावयाचे. जॉर्ज ॲकर्लॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचा दाखला देऊन जो सिद्धांत मांडला आणि ज्यासाठी पुढे त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, तो घोड्यांच्या दलालांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होता. जे महत्त्वाचे ते दिसत नाही. मग जे दिसते त्यालाच मनुष्य महत्त्व देतो. त्यातही अंगावरची खूण सहसा खोटी करता येत नाही. सहसा म्हणावयाचे एवढ्याचसाठी की, २०२२ साली पंजाबातील संगरूर जिल्ह्यात एका गृहस्थाने बावीस लाखांहून अधिक रुपये मोजून काळाभोर घोडा घेतला, आणि घरी त्याला आंघोळ घालताच काळा रंग पाण्याबरोबर वाहून गेल्याचे प्रसिद्ध झाले होते.

या खुणांना शास्त्राचाही आधार होता. शालिहोत्राच्या परंपरेतील ग्रंथ, नकुलाच्या नावावरचे अश्वशास्त्र, जयदत्ताचे अश्ववैद्यक, इतकेच नव्हे तर सहाव्या शतकातील वराहमिहिराची बृहत्संहितासुद्धा घोड्याच्या अंगावरील आवर्तांची, म्हणजे भोवऱ्यांची, शुभाशुभ फळे सांगते. पण याच खुणांचा दुसरा, अगदी रोकडा उपयोगही होता. अलाउद्दीन खलजीने आणि पुढे सोळाव्या शतकात अकबराने घोड्यांना डाग देण्याची व त्यांचे वर्णन दप्तरी नोंदविण्याची पद्धत अमलात आणली. कारण सरदार मंडळी गणतीच्या दिवशी भाड्याची तट्टे उभी करून सरकारी पैसा उचलीत. कपाळावरचा चांद किंवा मानेवरचा भोवरा येथे भाग्याचा नव्हे, ओळखीचा पुरावा होता. तो उपयोग आजही टिकून आहे. शर्यतीच्या घोड्याच्या ओळखपत्रात त्याची बाह्याकृती काढून तिच्यावर प्रत्येक भोवरा आणि पांढरा डाग नोंदविला जातो. खूण खरे बोलते ती एवढेच: हा घोडा तोच आहे. तो कसा आहे, याविषयी ती बहुधा गप्प असते.

बहुधा म्हटले, कारण येथेच विषय गुंतागुंतीचा होतो. गर्भावस्थेत घोड्याच्या रंगपेशी पाठीच्या कण्यालगत निर्माण होतात आणि तेथून खाली, पोटाकडे, पायांकडे आणि कपाळाकडे पसरत जातात. वाटेत त्या कमी पडल्या किंवा त्यांना उशीर झाला तर शेवटची ठिकाणे कोरी राहतात. ही शेवटची ठिकाणे म्हणजे कपाळ, नाकाडाचा मध्यभाग, चार खुरांवरचा भाग आणि पोट. पंचकल्याणी घोडा म्हणजे ज्याच्या रंगपेशी मुक्कामाला पोहोचल्या नाहीत असा घोडा, असे रुक्ष भाषेत म्हणता येईल. यात आनुवंशिकतेचा मोठा वाटा आहे. तथापि योगायोगाचाही आहे. एकाच घोड्यापासून तयार केलेल्या प्रतिरूपांचे, म्हणजे क्लोनचे, पांढरे डागही एकमेकांशी जुळत नाहीत. जे गर्भातील योगायोगाने ठरते त्यावर धन्याचे भाग्य अवलंबून असावे, हे पटण्याजोगे नाही.

डागांवरून घोड्याची परीक्षा करणारे कसे फसतात याचे शर्यतीच्या इतिहासातील उदाहरण म्हणजे द टेट्रार्क. १९११ साली आयर्लंडमध्ये जन्मलेल्या या करड्या घोड्याच्या अंगावर पांढरे, वेडेवाकडे ठिपके असे काही पसरले होते की, जणू कोणी चुन्याचा हात मारून गेले असावे. लोकांनी त्याला लाकडी खेळण्यातला घोडा म्हणून हसून घेतले. ॲटी पर्स या प्रशिक्षकाने तो १,३०० गिनींना घेतला. १९१३ च्या हंगामात तो सात शर्यती धावला आणि सातही जिंकला. नंतर दुखापतीमुळे तो पुन्हा धावला नाही. पण त्याची मुलगी मुमताझ महल आगाखान तिसरे यांच्यासाठी १९२२ साली ९,१०० गिनींना घेतली गेली. म्हणजे बापाच्या सातपट किंमत. १९३६ ची इंग्लिश डर्बी जिंकणारा महमूद आणि जगभर ज्याचा वंश पसरला तो नसरुल्ला हे दोघे तिचे नातू. पुणेकरांना आगाखान हे नाव राजवाड्यामुळे ठाऊक असते. त्यांच्या तबेल्याचे भाग्य ज्या घोड्यांनी उजळले त्यांत या हसण्यावारी नेलेल्या ठिपक्यांच्या घोड्याचे रक्त होते, हे फारसे कोणाला आठवत नाही. मात्र यावरून ठिपके असलेला घोडा वेगवान असतो असा निष्कर्ष कोणी काढला तर तीही आसूढाळच.

याच्या उलट बाजू अधिक गंभीर आहे. दक्षिण फ्रान्समधील पेश-मर्ल गुहेत सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचे दोन घोडे रंगविलेले आहेत आणि त्यांच्या अंगभर काळे ठिपके आहेत. हे ठिपके चित्रकाराच्या कल्पनेतले की डोळ्यांनी पाहिलेले, असा वाद होता. २०११ साली ३१ प्राचीन घोड्यांच्या अवशेषांतील आनुवंशिक द्रव्य तपासले गेले, तेव्हा सहांमध्ये ठिपक्यांचे जनुक सापडले. चित्रकाराने आपल्या आसपासचे घोडेच काढले असणे शक्य आहे, असे त्यावरून म्हणता येते. पुढे याच ठिपक्यांचे घोडे उत्तर अमेरिकेतील नेझ पर्स जमातीने नावारूपाला आणले. १८७७ च्या युद्धात या जमातीचा पराभव झाला, तिचे कळप हिरावले आणि विखुरले गेले. १९३८ साली एक संस्था स्थापन होऊन ‘ॲपालूसा’ या नावाने त्या जातीचे पुनरुज्जीवन सुरू झाले. येथपर्यंतची कथा आनंदाची आहे.

पण नोंदवहीत पूर्ण मान हवा तर अंगावर ठिपके हवेत, असे ठरले की बाजार आपले काम सुरू करतो. शिंगराला ठिपक्यांचे जनुक आई आणि बाप या दोघांकडून मिळाले तर त्याचे अंग जवळजवळ पांढरे होते, ठिपके थोडेच उरतात. परंतु त्याची प्रत्येक संतती हे जनुक घेऊनच जन्मते. पैदास करणाऱ्याच्या दृष्टीने हा सोन्याचा तुकडा. आता संशोधनाने दाखविले आहे की, हे जनुक डोळ्याच्या पडद्यातील पेशींनाही लागते, आणि ज्याला ते दुहेरी मिळाले तो घोडा जन्मतःच रात्रांधळा असतो. दिवसा त्याच्यात काही वैगुण्य दिसत नाही. अंधार पडला की तो जागच्या जागी थबकतो किंवा कुंपणावर आदळतो. पैदाशीच्या बाजारात ज्याला अधिक मागणी, त्यालाच संध्याकाळनंतर दिसत नाही. पुष्कळ मालकांनी अशा घोड्याला बुजरा, हट्टी म्हणून चाबूक मारला असेल.

अमेरिकेतील आणखी एका नोंदवहीची गोष्ट याहून कडू आहे. क्वार्टर हॉर्स या जातीच्या संस्थेने ठराविक मर्यादेपलीकडे पांढरा रंग असलेली शिंगरे नोंदविण्यास दीर्घकाळ नकार दिला. २००४ साली तो नियम सोडला. नाकारलेल्या घोड्यांसाठी १९६० च्या दशकात वेगळी संस्था निघाली आणि तेथे अंगावरचे मोठे पांढरे पट्टे हाच मान ठरला. एकाच शिंगराची किंमत एका वहीत शून्य आणि दुसऱ्या वहीत भरभक्कम! या पट्ट्यांचा एक प्रकार असा आहे की, आई-बाप दोघेही त्याच प्रकारचे असतील तर चारांत एक शिंगरू शुभ्र पांढरे जन्मण्याचा संभव असतो. ते दिसावयास सुंदर असते. पण त्याच्या आतड्यातील मज्जापेशी तयारच झालेल्या नसतात आणि काही दिवसांत ते तडफडून मरते. रंगपेशी आणि आतड्याच्या मज्जापेशी गर्भात एकाच उगमातून प्रवासाला निघतात. एकीची वाट अडली की दुसरीचीही अडते. या दोषाचे जनुक १९९८ साली निश्चित झाले. आता मानेवरचे चार केस मुळासकट उपटून पाठविले की जोडी लावण्यापूर्वीच धोका कळतो.

आपल्याकडे वरातीला पांढरा घोडा हवा असतो. जन्मतः गुलाबी कातडीच्या नुकऱ्याला उन्हाचा त्रास होतो, हे त्याला सांभाळणारे जाणतातच. दुसरा प्रकार म्हणजे जन्मतः काळा किंवा तांबडा असून वयाबरोबर पांढरा होत जाणारा घोडा. अशा घोड्यांपैकी पंधरा वर्षांवरील ७० ते ८० टक्के घोड्यांना शेपटीच्या मुळाशी किंवा अन्यत्र काळ्या गाठी होतात, असे २००८ च्या संशोधनात नमूद आहे. पुष्कळदा त्या हळू वाढतात, नेहमीच नाही. लग्नाच्या हंगामात घोडा घेणारा शेपटी उचलून पाहतो का? त्याची नजर छातीवरच्या भोवऱ्यावर असते.

म्हणजे खुणा पाहणाऱ्याची नजर योग्य ठिकाणी होती, वाचन मात्र चुकीचे होते. त्या चुकीच्या वाचनाची किंमत कोण देतो? श्रीमंत शौकिनाने देवमणासाठी दोन-चार लाख अधिक मोजले तर तो त्याचा छंद. पण माथेरानच्या किंवा महाबळेश्वरच्या घोडेवाल्याचे सारे भांडवल एका जनावरात असते आणि ते बहुधा कर्जाने उभे केलेले असते. त्याला बाजारात दोन गोष्टींची माहिती हवी: घोड्याचे वय काय आणि तो धडधाकट आहे का. एवढे लिहून देणारा पशुवैद्य, डोळे तपासावयास एक अंधारी खोली आणि कातडीखाली ओळखीची चकती, इतकी सोय बाजार भरविणाऱ्यांनी नाममात्र शुल्क घेऊन केली तरी भोवऱ्याचा भाव आपोआप उतरेल. जे महत्त्वाचे ते कागदावर दिसू लागले की जे बिनमहत्त्वाचे त्याच्याकडे वळण्याची गरज कमी होते. दुधाचा भाव फॅटवर ठरू लागला तेव्हा म्हशीचे रूप पाहून दुधाची पारख करण्याची वेळ कोणावर उरली नाही.

ती तांबूस घोडी संध्याकाळपर्यंत विकली गेली नव्हती. दिवेलागणीला एक भाडोत्री टांगेवाला आला. त्याने दात पाहिले, चारही खूर उचलून पाहिले, लगाम धरून तिला अंधारात, तंबूंच्या दोरांमधून दोनदा चालविले. मग रुमालाखाली दलालाच्या हाताशी बोटांची देवघेव झाली. आसूढाळीपायी मालकाने किती सोडले ते आम्हांला कळले नाही. टांगेवाला मात्र पैसे मोजताना घाईत होता, कोणी मध्येच येऊन अधिक भाव बोलू नये म्हणून.