नोंद आपली, पण शब्द कोणाचे?

पीएच.डी.ला प्रवेश मिळाला की सुरुवातीला वाचन जोरात चालतं. वह्या भरतात, पीडीएफचे फोल्डर भरतात. अडचण येते ती प्रकरण लिहायला बसल्यावर. वहीत एक नेमकं वाक्य सापडतं आणि प्रश्न पडतो: हे लेखकाचं की आपलं?

हा प्रश्न महागात पडू शकतो. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधात १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही. ६० टक्क्यांच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द होते. साम्य मोजणाऱ्या सॉफ्टवेअरला तुमचा हेतू कळत नाही.

नोंद कशी असावी याचं उत्तम उदाहरण पुण्यात आहे. डेक्कन कॉलेजमध्ये १९४८ साली संस्कृतच्या ऐतिहासिक शब्दकोशाचं काम सुरू झालं. त्यासाठी सुमारे दीड हजार ग्रंथांमधून जवळपास एक कोटी चिठ्ठ्या तयार झाल्या. चिठ्ठीवर शब्द, तो कुठल्या संदर्भात आला आणि ग्रंथातलं नेमकं ठिकाण. चिठ्ठी लिहिणारा एक, कित्येक वर्षांनी ती वापरणारा दुसराच. म्हणून प्रत्येक चिठ्ठी स्वतःपुरती पूर्ण हवी. दोन वर्षांनी आपणही आपल्या नोंदींना परकेच झालेलो असतो!

तर प्रत्येक नोंदीत या चार गोष्टी वेगवेगळ्या ठेवा:

१. पत्ता – लेखक, ग्रंथ, आवृत्ती, पान. आवृत्ती विसरू नका. महात्मा फुले समग्र वाङ्मयाची कीर-मालशे संपादित आवृत्ती आहे, तशीच नंतरची य. दि. फडके यांची सुधारित आवृत्तीही आहे. नुसतं ‘फुले, पान अमुक’ लिहिलं, तर कुठलं पान उघडायचं?

२. लेखकाचे शब्द – जसेच्या तसे, अवतरणचिन्हांत. चिन्ह उतरवतानाच टाका, ‘नंतर टाकू’ नको.

३. सारांश – पुस्तक मिटून, आपल्या शब्दांत. मग पुस्तक उघडून अर्थ बदललेला नाही ना, ते बघा. समोर ठेवून लिहिलं की वाक्यरचना त्याचीच उतरते, फक्त शब्द बदलतात.

४. आपलं म्हणणं – शंका, विरोध, दुसऱ्या लेखकाशी तुलना. सुरुवातीला ‘मी:’ लिहा. पुढे प्रबंधातला तुमचा युक्तिवाद इथूनच उभा राहतो.

एका नोंदीत एकच मुद्दा घ्या आणि वर पुस्तकाचं नाव नाही, तर आपल्या संशोधनप्रश्नातला विषय लिहा. कारण प्रकरणं विषयांनुसार लिहिली जातात, पुस्तकांनुसार नाही. झोटेरोसारखं मोफत सॉफ्टवेअर पत्ते छान सांभाळतं, पण कोणतं वाक्य कोणाचं, हे तुम्हालाच नोंदवावं लागतं.

आजच एक जुनी नोंद काढा. मूळ पुस्तक न उघडता तिच्यावरून संदर्भासह एक परिच्छेद लिहिता आला, तर नोंद पास. नाही आला, तर पुस्तक हाताशी आहे तोवर ती दुरुस्त करून घ्या.