घोडा पळतोय, पण पळवायचा का?

विदर्भातल्या वडनेरहून नागपूर नव्वदेक किलोमीटर. लांब पल्ल्याच्या घोडेस्वारीत सर्वांत मोठी एकदिवसीय दौड 160 किलोमीटरची असते. म्हणजे एकाच दिवसात, एकाच घोड्यावर नागपूर गाठायचं आणि परतीचीही बरीच वाट कापायची. शंकरपटातल्या बैलांच्या शर्यती पाहत वाढलेला माणूस हे ऐकून लगेच विचारतो, "पयला कोन आला?"

गैरसमज इथूनच सुरू होतो. शेवटची रेषा ओलांडली तरी निकाल पशुवैद्यकांच्या हातात असतो. घोड्याची नाडी ठरलेल्या मिनिटांत 64 वर उतरली नाही किंवा तो लंगडताना दिसला, तर पहिला आलेलाही बाद. अशीच तपासणी वाटेत प्रत्येक टप्प्यानंतर होते. हिरडी अंगठ्यानं दाबून रंग किती वेळात परततो ते बघतात, मानेची कातडी चिमटीत धरतात, पोटाला नळी लावून आतड्यांची हालचाल ऐकतात. मग घोड्याला दुडक्या चालीनं 40 मीटर नेऊन परत आणतात आणि नाडी पुन्हा मोजतात. केरळच्या निदा अंजुमनं 2023 मध्ये फ्रान्समधल्या जागतिक युवा स्पर्धेत 120 किलोमीटर 7 तास 29 मिनिटांत पूर्ण केले. बातम्यांत ती वेळ झळकली. तपासणीत तिची घोडी नापास झाली असती तर त्या वेळेला काही किंमत उरली नसती.

मधूनच माघार घेणं ही नामुष्की, असंही बोललं जातं. सप्टेंबर 2018 मध्ये अमेरिकेत ट्रायॉनला उष्मा आणि दमटपणामुळे स्पर्धेच्या अधिकाऱ्यांनी अख्खी जागतिक दौडच अर्ध्यावर थांबवली होती. मग एकट्या स्वारानं लगाम खेचला तर त्यात लाज कसली?

"तहान लागली की पितोच तो" हे तर वैदर्भीय उन्हात फार महागात पडतं. घोड्याचा घाम आपल्या घामापेक्षा खारट. पाण्याबरोबर मीठही जात असल्यानं रक्तातलं मिठाचं प्रमाण फारसं वाढत नाही, आणि शरीर सुकत असतानाही तहानेची जाणीव मंद राहते.

आता मूळ प्रश्न, पुढच्या हंगामात उतरायचं की नाही. बरेच जण घोड्याचा दम बघून ठरवतात. पण हृदय आणि फुप्फुसं काही महिन्यांत तयार होतात. हाडं आणि पायामागच्या कंडरा त्याहून कितीतरी सावकाश. त्यामुळे दम भरपूर आणि पाय कच्चे, अशी अवस्था येते. घोडे बाद होण्याचं सर्वांत मोठं कारणही थकवा नाही, लंगडणं आहे. एकाच पायानं दुसऱ्यांदा लंगडला तर त्या पायाची सोनोग्राफी होईपर्यंत नाव नोंदवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. वयाचा बाऊ मात्र नको. पंधरा वर्षांचा घोडाही उत्तम धावू शकतो. त्याऐवजी नेहमीच्याच वाटेवर, तशाच हवेत, नाडी उतरायला दर खेपेला जास्त वेळ लागतोय का, हे वहीत टिपून ठेवावं. स्वाराची पाठ, गुडघे आणि खिसा यांचीही नोंद त्याच वहीत हवी. ती सहसा कुणी करत नाही.

आणि थांबायचं ठरलं तर घोडा खुंट्याला बांधून रोजचाच खुराक चालू ठेवू नये. काम बंद आणि दाणा तेवढाच, अशानं पोटशूळ उठतो किंवा पुढच्या कामाच्या दिवशी पुठ्ठे आखडून दगडासारखे होतात. दाणा आधी कमी करावा, चारा वाढवावा आणि रोजचा फेरफटका चालू ठेवावा.