सारंगखेड्याच्या घोडेबाजारात कोण कुठली भाषा बोलतं?

दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यातल्या तापीकाठच्या सारंगखेड्यात एकमुखी दत्ताची यात्रा भरते, सोबत घोड्यांचा मोठा बाजार. मारवाडी, काठेवाडी, पंजाबी जातीचे घोडे घेऊन परराज्यांतले व्यापारी येतात. त्यांच्याशी सौदा बहुतेक हिंदीतच.

खरी गंमत इथल्या माणसांची! घरात गुजर बोली किंवा अहिराणी बोलणारा शेतकरी घोडेवाल्याशी हिंदीत घासाघीस करतो आणि तहसील कचेरीत पाऊल टाकलं की प्रमाण मराठीवर येतो. सातपुड्यातून उतरलेले भिल्ल, पावरा आपापसात भिली-पावरी बोलतात. बाजारात भाषा बदलायची वेळ बहुधा त्यांच्यावरच येते. २०११ च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्यातले सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे होते, तरीही! संख्येपेक्षा पत आणि कचेरी जड पडते, असं मला वाटतं. यात्रेतल्या पाट्या वाचा: मराठी, हिंदी, इंग्रजी दिसेल. पावरी शोधावी लागेल.