चार मिलिमीटरचा फरक

गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात दिवेलागणीला भाजीवाल्या मावशी सुट्टे मोजतात, तेव्हा आकडा वाचायला त्यांना सवड नसते. घडी केलेल्या नोटेचा रंग दिसला की हात पुढे सरकतो. त्यातल्या कितीतरी नोटा नाशिकरोडच्याच प्रेसमध्ये छापलेल्या असतात. तिथे १९२८ पासून नोटा छापल्या जातात.

रोज हाताळलेली वस्तूही आपण नीट पाहिलेली नसते. १९७९ साली निकरसन आणि अ‍ॅडम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी लोकांपुढे एका सेंटच्या नाण्याची अनेक चित्रं ठेवली. त्यातलं खरं एकच होतं आणि बहुतेकांना ते ओळखता आलं नाही. मेंदू कामापुरती खूण जपतो, बाकीचं सोडून देतो. नोटेच्या बाबतीत ही खूण म्हणजे रंग. पण डोळ्यांतल्या रंग ओळखणाऱ्या शंकुपेशींना भरपूर उजेड लागतो. अंधारू लागलं की दंडपेशींवर भिस्त येते आणि त्यांना रंग कळत नाहीत. अशा वेळी २०ची हिरवट पिवळी आणि २००ची पिवळी नोट शेजारी आली की घोटाळा ठरलेला.

मग आकार मदतीला येतो का? १००ची नोट १४२ मिलिमीटर लांब, २००ची १४६, ५००ची १५०; रुंदी तिन्हींची ६६च. दोन नोटा एकमेकींवर ठेवल्या तर चार मिलिमीटर चटकन दिसतात. एकटी नोट हातात असेल तर मात्र तुलना आठवणीशी करावी लागते, आणि तिथे इतका बारीक फरक टिकत नाही. फरक जाणवायचा तर तो मूळ मापाच्या प्रमाणात पुरेसा हवा, हे जर्मन शास्त्रज्ञ वेबर यांनी एकोणिसाव्या शतकातच दाखवलं होतं.

दृष्टिहीनांसाठी कडेला उठावदार तिरप्या रेघा असतात: १००वर चार, २००वर चार आणि मधे दोन गोल, ५००वर पाच. कोऱ्या नोटेवर त्या बोटाला स्पष्ट लागतात. वापरून मऊ पडलेल्या नोटेवर त्या शोधाव्या लागतात. १०, २० आणि ५०वर तर हे उठाव नाहीतच, आणि भाजीबाजारात सतत लागतात त्या याच नोटा. रिझर्व्ह बँकेने २०२० साली नोट ओळखून सांगणारं ‘मनी’ हे अ‍ॅप आणलं, ते उपयोगीही आहे. पण गर्दीत एका हातात पिशवी असताना फोन काढणार कसा?

पुढची मालिका आखताना लांबीतला फरक वाढवावा आणि छोट्या नोटांवरही उठावाच्या खुणा द्याव्यात. छपाईआधी त्या नोटा संध्याकाळच्या बाजारात, वापरणाऱ्यांच्या हातात देऊन तपासून घ्याव्यात.